गोजरबाई गोड बोलल्या

मोताळ्याला बायकांचं एक दिवसाचं शिबिर झालं आणि सुचिता तिथून परत आली ती अर्धी आमदार होऊनच. एसटीतून उतरता उतरता तिनं कंडक्टरला सांगून टाकलं, की येत्या ग्रामपंचायतीला उंबरधारच्या खालच्या वस्तीतून साधी, घरातली, चूलपाणी करणारी बाई निवडून येणार म्हणजे येणार. कंडक्टरनं मान डोलावली, दार ओढलं आणि घंटी मारली. सुचितानं तोही एक पाठिंबाच धरला.

तसं पाहिलं तर खालच्या वस्तीतून बाईच निवडून येत असे, कारण जागाच राखीव होती. पण मागच्या खेपेची मेंबर, म्हणजे गावचे पुढारी रंगराव यांची भावजय, पंचायतीच्या खुर्चीत बसलेली कोणी पाहिली नव्हती. खुर्चीत रंगराव बसत. कागद तेवढे सहीसाठी तिच्या चुलीपाशी जात आणि हळदीची बोटं लागून परत येत. दरम्यान वस्तीची नाली अंगणवाडीच्या दारात तुंबलेली असे, आणि लेकरं विटांवर उड्या मारत आत जात. सुचिताचा धाकटा एकदा वीट चुकला. त्या दिवशी त्याला तीन वेळा आंघोळ घालताना सुचितानं जे दात आवळले, ते शिबिरात जाऊन मोकळे झाले.

ती स्वतःच उभी राहिली असती. पण तिचं नाव मतदार यादीत अजून माहेरी, मलकापूरला होतं. मग तिनं बचत गटातल्या बायांना गाठायला सुरुवात केली. एकीनं नवऱ्याला विचारते म्हटलं, दुसरीनं सासऱ्याला. तिसरी हुशार होती, तिनं कोणालाच विचारलं नाही, ती सरळ माहेरी निघून गेली. आठवड्याच्या आत सुचिताची अशी अवस्था झाली, की ती रस्त्यानं दिसली की बाया दार लावून घेत.

आणि मग एका सकाळी, चहा गाळता गाळता, तिला बाहेरून आवाज ऐकू आला.

आवाज सासूबाईंचा होता, आणि तो ऐकू येण्यात विशेष काही नव्हतं. गोजरबाईंनी अंगणातून हाक मारली तर शेतात कपाशीला खत देणारा सुचिताचा नवरा गणेश मान वर करून बघे. एक अपवाद सोडला, तर ज्याच्यावर त्या ओरडत नसत असं वस्तीत माणूस नव्हतं. पोटुशी बाई हंडा घेऊन दिसली की तिला भर रस्त्यात शिव्या घालत, मग तिचा हंडा हिसकून स्वतः घरापर्यंत नेऊन देत आणि परत येताना तिच्या नवऱ्याला शिव्या घालत. कोणाचं लेकरू तापानं फणफणलं तर पहाटेपर्यंत उशाशी बसून राहत, आणि ताप उतरला की आधी त्याच्या आईला झापत, मग आपल्या घरी जाऊन झोपत.

त्या दिवशी रंगरावांनी आपली ट्रॉली गल्लीच्या तोंडावर आडवी लावली होती. रंगराव समोर आले की गावातली चार शहाणी माणसंसुद्धा चपला नीट काढून उभी राहत. गोजरबाई ओट्यावरून त्यांना काय काय म्हणाल्या ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. पण ऐकता ऐकता रंगराव स्वतः ट्रॅक्टरवर चढले आणि ट्रॉली मागं घेऊन, वळवून, पार पाराच्या पलीकडे लावून आले.

सुचिताच्या हातातली गाळणी तशीच राहिली. गावभर शोधली ती बाई घरातच होती.

गोजरबाईंनी आधी उडवून लावलं. आपल्याला सहीपलीकडे काही येत नाही, पंचायत हे रिकाम्या माणसांचं काम, असं बरंच काही त्या म्हणाल्या. सुचितानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आई, आज रंगराव भाऊजीची टराली हटवली ते कोनं?"

गोजरबाई थोडा वेळ भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "टराली हटली. पन नाली नाही हटली." आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून गणेशच्या मोटारसायकलवर बसून मोताळ्याला गेल्या आणि अर्ज भरून आल्या.

रंगरावांनीही आपला उमेदवार दिला होता. भावजय आता सही करायलाही कुरकुर करू लागली म्हणून त्यांनी आपल्या शेतशेजारच्या जनकाबाईंना उभं केलं. जनकाबाई एकट्या, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ही बातमी कळल्यावर गोजरबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि घरातल्यांना समजलं की घाव वर्मी बसला. त्या जनकाबाईंवर कधीच ओरडत नसत. बोलतच नसत. दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नव्या नवऱ्या होऊन आल्या, वर्षानुवर्षं कापूस वेचायला एका ओळीत राहिल्या. पण जनकाबाईंच्या मुलाच्या हळदीला गोजरबाईंना पहिल्या बायांमध्ये बोलावलं नाही, आणि तेव्हापासून दोघींच्या घरांमधल्या भिंतीवरून वाटीभर ताकसुद्धा पलीकडे गेलं नव्हतं.

इथवर सुचिताचं सगळं बरोबर होतं. इथून तिचं शिबिर आडवं आलं.

उमेदवारानं कसं असावं, हे शिबिरातल्या ताईंनी सांगितलं होतं. चेहरा हसरा, हात जोडलेले, आवाज खाली. दारात गेल्यावर आधी म्हणायचं, आजवर काही चुकलं असेल तर माफ करा. सुचितानं हे गोजरबाईंना शिकवायला घेतलं. म्हशीला पायात पैंजण घालून चालायला शिकवावं, तसा तो प्रकार होता. पण गोजरबाईंनी एकदा हातात घेतलेलं काम सोडलं नाही. त्या गोठ्यात जाऊन म्हशीसमोर हात जोडून सराव करू लागल्या. म्हैस वैरण सोडून दोन पावलं मागं सरली, पण सुचितानं तिकडे लक्ष दिलं नाही.

म्हशीनंतरचा नंबर भगवानरावांचा होता. गोजरबाईंचे यजमान बाजेवर बसून सुपारी कातरत होते. गोजरबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "अवो, थोडासा चहा देऊ का तुमाले?"

भगवानरावांनी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"आजवर माह्यं काई चुकलं असलं," गोजरबाई हात जोडून पुढं म्हणाल्या, "तर मनात ठेवू नका."

भगवानरावांनी सुपारी खाली ठेवली, चहा न पिता टोपी घातली आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसले. काय झालं म्हणून मंडळींनी विचारलं. ते डोळे पुसत म्हणाले, "गोजरनं मले चहा इचारला रे." पारावरच्या एकानं तर डोक्यावरची टोपी काढली.

दुपारी सासूसून प्रचाराला निघाल्या. पहिलं घर कौशल्याबाईंचं. त्यांच्या मोरीचं पाणी रस्त्यावर येई आणि त्यावरून रोज सकाळी गोजरबाईंशी त्यांचं जुंपे. सवयीनं कौशल्याबाई कमरेला पदर खोचूनच बाहेर आल्या. गोजरबाईंनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कौशल्ये, माह्यं काई चुकलं असन तर माफी करजो माय. माह्याकडं ध्यान असू दे."

कौशल्याबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. त्यांनी गोजरबाईंना मिठीच मारली. मग त्यांचे गुडघे चाचपत, रडव्या आवाजात विचारलं, लय दुखते का व?

गोजरबाईंना वाटलं, गुडघ्यांचंच विचारतात. "दुखते ना," त्या म्हणाल्या. "पन आता काय, थोड्या दिवसाचा सवाल हाय."

थोडे दिवस म्हणजे मतदानापर्यंतचे. पण हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कौशल्याबाईंना विचारायचा धीर झाला नाही.

सुचिता मागं उभी राहून हे पाहत होती आणि तिचा ऊर भरून येत होता. घरोघरी तेच. गोजरबाई हात जोडत, माफी मागत, आणि दारातली बाई पदर डोळ्याला लावी. ज्या पोराला गोजरबाईंनी बोरं पाडतो म्हणून वर्षभर पिटाळलं होतं, त्यानं खिशातली सगळी बोरं त्यांच्या ओटीत ओतली. असा प्रचार शिबिरातल्या ताईंनीसुद्धा पाहिला नसेल, असं सुचिताला वाटलं, आणि ते खरंही होतं.

संध्याकाळी घरी वाट्या येऊ लागल्या. मऊ खिचडी, मुगाचं वरण, लिंबाचं सरबत, शहाळं. सुचितानं गणेशला सांगितलं, की इतर ठिकाणी उमेदवार मतदारांना जेवू घालतो, पण इथं मतदार उमेदवाराला जेवू घालून राह्यले. गोजरबाईंना एवढंच खटकलं, की कशातच तिखट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. गोजरबाईंची मुलगी निशिगंधा मलकापूरहून नवऱ्याला घेऊन आली होती, आणि ती गाडीतून उतरायच्या आधीपासून रडत होती. मागच्या सीटवर संत्र्यांची पेटी होती. निशिगंधानं आत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आपल्याला काऊन नाही सांगतलं म्हणून भावाला विचारू लागली. गणेशला काय सांगायचं होतं तेच माहीत नव्हतं. तेवढ्यात हिवरा आश्रमाकडची मावशी फोनवर आली. तिला वाटत होतं, दुखणं पोटाचं आहे. निशिगंधाला कोणी हृदयाचं सांगितलं होतं. गोजरबाई एकीकडून दुसरीकडे पाहत राहिल्या. शेवटी त्यांनी लेकीचं डोकं दोन्ही हातांनी वर केलं.

"कोन मरून राह्यलं व?"

"तू," निशिगंधा म्हणाली.

बाजेवरून भगवानरावांनी हळूच विचारलं, म्हणजे नाही का? सुचिताला कालचं एकेक दार आठवू लागलं. हातातला तांब्या, ओटीतली बोरं, थोड्या दिवसांचा सवाल. तिचे कान तापले. तिनं शिबिराचं सगळं सांगून टाकलं. हसरा चेहरा, खालचा आवाज, माफी, सगळं. निशिगंधा रडता रडता हसायला लागली आणि मग वहिनीवर चिडली.

तेवढ्यात कौशल्याबाई धापा टाकत आल्या. त्यांनी आणलेली बातमी अशी, की जनकाबाई सकाळच्या एसटीनं मोताळ्याला गेल्या, अर्ज मागं घ्यायला. रंगराव त्यांना अडवायला थांब्यावर आले होते. जनकाबाईंनी जन्मात पहिल्यांदा त्यांना उत्तर दिलं. म्हणाल्या, गोजर अन् मी एका उन्हाळ्यात या गावात आलो, तिची शेवटची हौस मी नाही मोडनार. मग एसटीत चढल्या आणि खिडकीशी बसून रडत गेल्या.

गणेशच्या तोंडावर हसू आलं. जनकाबाईंनी अर्ज काढून घेतला म्हणजे आई बिनविरोध. निशिगंधाच्या नवऱ्यानंही ताबडतोब अभिनंदन केलं. अर्ज मागं घ्यायची वेळ तीन वाजेपर्यंतची होती. आणि सुचितालाही, खरं सांगायचं तर, अंगणवाडीच्या दारातून कोरड्या पायानं आत जाणारा आपला धाकटा दिसायला लागला. तिनं आवाज खाली करून सुचवलं, "आई, तुमी तीन वाजेलोक फक्त झोपून राहा."

गोजरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की सुचितानं नजर खाली घातली.

"मरून निवडून येऊ का व मी?" त्या म्हणाल्या. "अन् ते तठी एकटी रडून राह्यली. गाडी काढा."

मोताळ्यात बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या ढिगांपासून बांगड्यांच्या दुकानांपर्यंत माणूसच माणूस, आणि जावयाची गाडी मधोमध अडकली. हॉर्न वाजवून कोणी हलेना. गोजरबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि आदल्या दिवसापासून घशात अडवून ठेवलेला आवाज त्यांनी मोकळा सोडला. भर बाजारात भांग पडावा तशी वाट झाली. एका मिरचीवाल्यानं आपलं पाल उचलून धरलं. सुचिता मागून धावत होती आणि तिला रडू येत होतं की हसू, ते तिला कळत नव्हतं. हा आवाज आपण म्हशीसमोर सराव करवून बुजवायला निघालो होतो, एवढंच तिला सारखं वाटत होतं.

तहसील कचेरीच्या पायरीवर जनकाबाई बसल्या होत्या. साहेब जेवायला गेले होते. हातात माघारीचा भरलेला अर्ज, डोळे सुजलेले. समोर गोजरबाईंना पाहून त्या धडपडत उठल्या.

"गोजर, काऊन आली व एवढ्या उन्हात? तुह्यी तब्येत..."

"माह्या तब्येतीले काय धाड भरली? घोड्यावानी हाय मी."

जनकाबाईंनी हात लावून त्यांचा गाल पाहिला, कपाळ पाहिलं. "मंग माफी काऊन मांगत फिरत होती?"

"मतं पायजे होती म्हनून."

जनकाबाई मटकन पायरीवर बसल्या आणि इतक्या मोठ्यानं हसल्या, की कचेरीतला शिपाई बाहेर डोकावला. गोजरबाईही त्यांच्या शेजारी बसल्या. मग गोजरबाईंनी विचारलं, "हळदीच्या वक्ती मले पयले काऊन नाही बलावलं?"

"बलावलं होतं," जनकाबाई म्हणाल्या. "दोनदा बलावलं. तू मंडपामागं आचाऱ्याच्या अंगावर ओरडून राह्यली होती. तुह्याच आवाजात तुले आयकू नाही गेलं."

गोजरबाईंना ते आठवलं असावं. आचाऱ्यानं बुंदी करपवली होती. त्या बराच वेळ चपलेच्या टोकानं पायरीवरची माती खरवडत राहिल्या. मग त्यांनी जनकाबाईंच्या हातातला अर्ज घेतला आणि फाडला.

जनकाबाईंनी विरोध केला. आपल्याला त्यातलं काही समजत नाही, रंगरावांनी उभं केलं म्हणून उभी राहिले, तूच हो मेंबर, असं त्या म्हणू लागल्या.

"रंगरावले एस्टीपाशी उत्तर देल्लं ते कोनं?" गोजरबाई म्हणाल्या. "ते तूच ना? मंग आता त्याच्या जिवावर नको, तुह्या जिवावर उभी राह्य. मी तुले कशी पाडतो ते पाय."

शिबिरातल्या ताईंनी दिवसभर जे समजावलं होतं, ते गोजरबाईंनी एका पायरीवर उरकलं, आणि तेही विरोधी उमेदवाराला. दोघी एकाच गाडीतून परत आल्या. वाटेत निशिगंधानं संत्री सोलून दोघींना दिली.

पुढचा प्रचार गोजरबाईंनी आपल्या भाषेत केला. चिन्ह शिट्टी मिळालं, ते पाहून लोक म्हणाले, हिला शिट्टी कशाला पायजे. त्या दारात उभ्या राहून मतदाराला त्याच्या मोरीवरून, त्याच्या पोराच्या शाळेवरून आणि त्याच्या दारूवरून झापत आणि शेवटी शिट्टीवर शिक्का मारायला सांगत. ते यंत्राचं बटण असतं, हे सुचिताला दर दारात मागून सांगावं लागे. जनकाबाई छत्री घेऊन एकट्याच फिरल्या. रंगरावांनी बरोबर माणसं द्यायचं म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं.

निकाल लागला. जनकाबाई थोड्या मतांनी निवडून आल्या.

सुचिता दोन दिवस नीट जेवली नाही. गोजरबाई मात्र पहिल्या बैठकीच्या दिवशी जनकाबाईंना पंचायतीच्या दारापर्यंत पोचवायला गेल्या. आत खुर्चीत रंगराव बसलेच होते. गोजरबाईंनी तोंड उघडलं होतं, पण जनकाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, स्वतः आत गेल्या आणि खुर्चीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, माह्यी जागा." रंगराव उठले. बाहेर गोजरबाई तशाच तोंड उघडून उभ्या होत्या. उन्हाळ्याच्या आत नालीचं काम सुरू झालं आणि अंगणवाडीच्या दारातल्या विटा लेकरांनी खेळायला नेल्या.

नाली खणायला लागली त्या दिवशी कौशल्याबाई आपल्या दारात उभ्या राहून काम बघत होत्या. इतके दिवस मनात असलेलं सुचितानं विचारून टाकलं, की तुमी मत कोनाले देल्लं?

कौशल्याबाईंनी लपवलं नाही. "जनकाले."

"काऊन पन?"

"काऊन म्हंजे? तुह्या सासूची तब्येत म्या डोयानं पाह्यली. मेंबर झाली असती तर मोताळ्याच्या चकरा, मिटिंगा, तगतग. आमाले ते अजून लय वर्सं पायजे बाई. साऱ्या गल्लीनं तसंच ठरवलं, गोजरले आराम भेटू द्या म्हनून."

सुचितानं परोपरीनं सांगितलं, की त्यांना काहीच झालेलं नव्हतं. कौशल्याबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरचे लपवतातच, त्या म्हणाल्या, पण आमाले समजते.

हे सासूबाईंना सांगावं की नाही, या विचारात सुचिताची भाकरी करपली, आणि तेवढ्यावरून गोजरबाई ओट्यावरून तिला बोलू लागल्या. मग तिनं सांगूनच टाकलं. गोजरबाई मध्येच थांबल्या. त्यांनी नालीकडे पाहिलं, कौशल्याबाईंच्या दाराकडे पाहिलं, पलीकडे जनकाबाईंच्या भिंतीकडे पाहिलं. पदरानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"म्हंजे जीव हाय म्हनून पाडलं मले," त्या म्हणाल्या.

"हाव, आई."

गोजरबाईंनी सुनेला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"मंग पुढच्या खेपेले तूच उभी राह्य," त्या म्हणाल्या. "तुह्यावर कोनाचा एवढा जीव नाही. निवडून येशीन."